तिकिटांचा धनी : फिलिप फॉन फेरारी

पॅरिस शहरात सीन नदीच्या डाव्या तीरावर 'ओतेल मातिन्यों' नावाचा एक राजवाड्यासारखा वाडा आहे. १९३५ सालापासून तो फ्रान्सच्या पंतप्रधानांचे निवासस्थान म्हणून ओळखला जातो. परंतु पंतप्रधानांची पावले तेथे उमटण्यापूर्वी, याच वाड्याच्या एका भागात एका एकाकी मनुष्याने आपले बहुतेक सारे आयुष्य टपाल-तिकिटे जमविण्यात घालविले. त्याच्याएवढा संग्रह त्याच्या आधी कोणी केला नव्हता आणि पुढे एका खाजगी व्यक्तीच्या हातून तसा घडलाही नाही, असे या विषयातील जाणकार मानतात. त्या मनुष्याचे नाव फिलिप फॉन फेरारी. हे नाव ऐकताच आजच्या तरुण वाचकांच्या डोळ्यांपुढे तांबडी मोटारगाडी उभी राहील, पण तिचा येथे काही संबंध नाही.

फेरारीचा जन्म ११ जानेवारी १८५० रोजी पॅरिस येथे झाला. वडील राफाएले दे फेरारी हे मूळचे इटलीतील जिनोआचे. बँका आणि आगगाड्या या त्या काळच्या दोन सर्वांत फायदेशीर उद्योगांत त्यांनी अमाप संपत्ती मिळविली आणि 'गालिएराचे ड्यूक' हा किताबही मिळविला. आई मारिया ही जिनोआच्याच ब्रिन्योले-साले या जुन्या सरदार घराण्यातील. दोघांचा हात देण्याच्या बाबतीत मोकळा होता. जिनोआचे बंदर वाढविण्यासाठी ड्यूकने १८७५ साली दोन कोटी लिरा दिले, तर डचेसने आपल्या माहेरचा 'पालाझ्झो रोस्सो' हा चित्रांनी भरलेला प्रासाद १८७४ सालीच त्या शहराला अर्पण केला होता. अशा घरात वाढलेल्या मुलाला कोणता खेळ आवडावा? तर जुन्या पाकिटांवरची तिकिटे सोडवून वहीत लावण्याचा.

हा खेळ त्या वेळी नवा होता. चिकटविण्याचे पहिले टपाल-तिकीट, म्हणजे इंग्लंडचे 'पेनी ब्लॅक', ६ मे १८४० रोजी वापरात आले. आपल्याकडे सिंध प्रांतात १८५२ साली 'सिंध डाक'ची तिकिटे निघाली आणि साऱ्या हिंदुस्थानासाठी १८५४ साली. म्हणजे फेरारी आणि टपाल-तिकीट हे जवळजवळ बरोबरीनेच वाढले. पुढच्या पिढ्यांतील संग्राहकांना जी तिकिटे केवळ चित्रात पाहावी लागली, ती त्याच्या बालपणी लोकांच्या पेट्यांत व टेबलांच्या खणांत पडून होती.

१८७६ साली ड्यूक वारले. त्यांचा किताब आपल्याकडे घेण्यास मुलाने साफ नकार दिला. घराण्यातील मोठमोठ्या मिळकतीही त्याने नाकारल्या. का, याची उत्तरे चरित्रकारांनी निरनिराळी दिली आहेत आणि त्या वादात आम्ही शिरत नाही. दिसते ते एवढेच, की या मनुष्याला जन्माने मिळालेली कोणतीही ओळख अंगावर बाळगावयाची नव्हती. एमान्युएल ला रेनोतिएर फॉन क्रीग्सफेल्ड या ऑस्ट्रियन सैनिकी अधिकाऱ्याने त्याला दत्तक घेतले आणि तो ऑस्ट्रियाचा नागरिक झाला. जन्म फ्रान्सचा, रक्त इटलीचे आणि नागरिकत्व ऑस्ट्रियाचे. व्यापाऱ्यांकडे तर तो पुष्कळदा 'हेर आर्नोल्ड' या साध्या नावाने जाई. बदलीच्या निमित्ताने चार प्रांतांत बिऱ्हाडे थाटलेल्या आमच्यासारख्यांना 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाची सवय झालेली असते. फेरारीला मात्र त्या प्रश्नाचे उत्तरच द्यावयाचे नव्हते, असे वाटते.

आईचे १८८८ साली निधन झाले. तिने हा वाडा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाला वकिलातीसाठी देऊन टाकला होता. मुलाचे वास्तव्य मात्र त्याच वास्तूच्या एका भागात चालू राहिले. बाहेर राजदूतांच्या मेजवान्या झडत आणि आत हा गृहस्थ चिमटा व भिंग घेऊन बसलेला असे.

आणि तो नुसता बसून राहत नसे. पिएर माहे नावाच्या पॅरिसच्या एका जाणत्या तिकिट-व्यापाऱ्याला त्याने १८७४ साली आपल्या संग्रहाचा व्यवस्थापक म्हणून नेमले. माहेने हे काम १९१३ साली मरेपर्यंत केले. दर आठवड्यास पन्नास हजार फ्रँक खरेदीसाठी माहेच्या हाती दिले जात, असे सांगतात. फेरारीची रीत सुटे तिकीट हेरण्याची होतीच, पण दुसऱ्याने आयुष्यभर जमविलेला संग्रह उचलून आणण्याचीही होती. सर डॅनियल कूपर यांचा संग्रह त्याने १८७८ साली तीन हजार पौंडांस घेतला आणि फिलब्रिक या इंग्रज कायदेपंडिताचा १८८२ साली आठ हजार पौंडांस. खरेदीसाठी तो युरोपभर हिंडे, जागच्या जागी रोख पैसे मोजी आणि घासाघीस करीत नसे. हे ठाऊक झाल्यावर लबाडांचे फावले नसते तरच नवल! केवळ त्याला विकण्यासाठी म्हणून बनावट तिकिटे तयार होऊ लागली. अशा मालाला पुढे इंग्रजी संग्राहकांनी त्याच्याच नावावरून 'फेरॅरिटीज' असा थट्टेचा शब्दही घडविला. आपण फसविले जातो हे त्याला कळत नव्हते असे नाही. एखादे अस्सल तिकीट निसटण्यापेक्षा दहा खोटी पदरात पडलेली बरी, असा त्याचा हिशेब होता असे म्हणतात.

या हिशेबाचा अर्थ ध्यानी येण्यासाठी तिकिटाची 'अवस्था' म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे. आपल्या मंडळातील पुष्कळ मुले गावाकडून आलेल्या पाकिटांची तिकिटे वाटीभर पाण्यात भिजवून सोडवितात. त्यांच्या पालकांनाही हा भाग उपयोगी पडावा.

जुन्या तिकिटाचे मोल ते किती दुर्मिळ आहे यावर जेवढे ठरते, तेवढेच ते कशा स्थितीत टिकले आहे यावर ठरते. अगदी पहिल्या तिकिटांना दातेरी कडा नव्हत्या. टपालबाबू ताव हाती घेऊन कात्रीने एकेक तिकीट कापून देई. 'पेनी ब्लॅक'च्या तावावर २४० तिकिटे असत आणि दोहोंमधील कोरी जागा इतकी अरुंद असे, की एका तिकिटाला चारही बाजूंनी पुरता समास राहिला तर शेजारच्याचा गेलाच. म्हणून चार समास शाबूत असलेले तिकीट दिसले की जाणकार थबकतो. पुढे दाते आले, तेव्हा एकही दाता तुटलेला नाही ना, चित्र बरोबर मध्यभागी आहे ना, हे पाहिले जाऊ लागले. रंग उन्हाने विटला आहे काय, शिक्का हलका पडला आहे की चेहराच काळवंडून टाकणारा, कोरे असेल तर मागचा डिंक मूळचा आहे की कोणी नव्याने लावला, हे सारे पाहावे लागते. त्या काळी लोक तिकिटे डिंकाने थेट वहीतच चिकटवीत आणि मग उपटून काढीत, त्यामुळे मागचा कागद सोलला जाऊन तिकीट मध्येच पातळ होई. असे पातळ झालेले ठिकाण समोरून दिसत नाही. तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून वर बेंझीनचा थेंब सोडला की ते गडद डागासारखे उमटते आणि जलचिन्हही दिसते. चतुर कारागिरांनी केलेली डागडुजी तर कित्येकदा अतिनील दिव्याखालीच उघड होते. आमची हयात कचेरीतील जुनी कागदपत्रे हाताळण्यात गेली असल्यामुळे या परीक्षेचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. कागद बोलत नाही, पण काही लपवीतही नाही.

आमच्या 'सिंध डाक'चेच पाहा. तिची तांबडी तिकिटे लाखेसारख्या ठिसूळ द्रव्याच्या पातळ चकतीवर उठविलेली असत. ती पाकीट उघडतानाच तडकत. म्हणून अखंड तांबडी 'सिंध डाक' ही फार दुर्मिळ वस्तू आहे.

एक सूचना येथेच करून ठेवतो. कोणाच्या घरी पणजोबांच्या पेटीत तिकिटासह जुने पत्र निघाले, तर तिकीट मुळीच सोडवू नये. मॉरिशस बेटातून जानेवारी १८५० मध्ये मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणिसाला पाठविलेले एक पत्र १८९७ च्या सुमारास हिंदुस्थानातील एका बाजारात सापडले. त्यावर १८४७ सालची एक पेनीची दोन तिकिटे होती. अशी तिकिटे एक पेनीची पाचशे आणि दोन पेनींची पाचशे, एवढीच छापली गेली आणि आज दोन्ही मिळून सत्तावीसच्या आसपास उरली आहेत. हे पत्र १९६८ साली न्यूयॉर्क येथे तीन लक्ष ऐंशी हजार डॉलरांना विकले गेले. पत्रावर तिकिटे जशीच्या तशी राहिली नसती तर एवढी किंमत आली नसती.

आता फेरारीकडे वळू. त्याच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध तिकीट या साऱ्या कसोट्यांवर सपशेल नापास होते. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गियानात १८५६ साली विलायतेहून येणारी तिकिटे वेळेवर आली नाहीत, म्हणून पोस्टमास्तराने स्थानिक छापखान्यातून काम भागविण्यापुरती तिकिटे छापून घेतली. किरमिजी कागद, त्यावर काळ्या शाईत एक जहाज. कोणी नक्कल करू नये म्हणून टपाल-कारकुनांनी प्रत्येकावर आपली आद्याक्षरे लिहावयाची, असा हुकूम होता. त्यांतील एक सेंटचे तिकीट १८७३ साली व्हर्नन व्हॉन या बारा वर्षांच्या मुलाला घरच्या जुन्या कागदांत सापडले. ते त्याने सहा शिलिंगांना विकून टाकले. १८७८ मध्ये ते लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याकडे पोचले आणि त्याच्याकडून फेरारीने १५० पौंडांस घेतले. त्याचे चारही कोपरे कापलेले असून रंग घासटला आहे. शिक्का आणि सही यांच्या गर्दीत जहाज शोधावे लागते. पण दुसरे तसे तिकीट जगात मिळाले नाही. इतरांना डाग दिसले असतील, फेरारीला एकमेवत्व दिसले. आमच्या मते संग्राहक म्हणून त्याचे थोरपण येथे आहे. सुबक ते निवडणारे पुष्कळ असतात, पण जे नाहीसे होईल ते आधी वाचविले पाहिजे ही जाण त्याच्याजवळ होती.

स्वीडनचे पिवळे तिकीटही असेच. १८५५ सालचे तीन स्किलिंगचे तिकीट हिरव्या रंगाचे असावयाचे, ते चुकून आठ स्किलिंगच्या पिवळ्या रंगात छापले गेले. एका शाळकरी मुलाला ते आजीकडच्या जुन्या पत्रांत गवसले व सात क्रोनरांना विकले गेले. १८९४ साली फेरारीने त्यासाठी व्हिएन्नाच्या झिगमुंट फ्रीडलला चार हजार गुल्डन मोजले.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि नागरिकत्वाचा प्रश्न, जो त्याने इतकी वर्षे लांब ठेवला होता, दारात येऊन उभा राहिला. फ्रान्सच्या दृष्टीने तो आता शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला. जानेवारी १९१५ मध्ये त्याने मृत्युपत्र केले आणि सारा संग्रह बर्लिनच्या टपाल-संग्रहालयास ठेवला. जतनासाठी तीस हजार गुल्डनही ठेवले. संग्रह फुटू नये आणि सामान्य लोकांना तो पाहावयास मिळावा, एवढीच त्याची इच्छा होती. परंतु तिकिटांच्या वह्या पॅरिसमध्येच होत्या. त्या मागे टाकून तो स्वित्झर्लंडला गेला आणि २० मे १९१७ रोजी लोझान येथे हृदयविकाराने मरण पावला. त्याचा देह ऑस्ट्रियात आटर सरोवराकाठच्या श्टाइनबाख या खेड्यात विसावला आहे.

युद्ध संपल्यावर फ्रेंच सरकारने हा संग्रह शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला आणि १९२१ पासून पॅरिसच्या 'ओतेल द्रुओ' या लिलावगृहात त्याचा लिलाव पुकारला. चौदा लिलाव झाले, काही वर्षे चालले आणि दोन कोटींहून अधिक फ्रँक जमा झाले. ती रक्कम जर्मनीकडून येणे असलेल्या युद्धभरपाईच्या खाती धरण्यात आली. आम्ही सरकारी नोकर आहोत. जप्तीचा हुकूम कायद्याने कसा बसतो, हे आम्हांस समजते. तरीही एका मृताने लोकांसाठी ठेवलेली वस्तू दोन सरकारांच्या देण्याघेण्यात तुकड्यातुकड्यांनी जावी, हे मनाला पटत नाही. लंडनमध्ये थॉमस टॅपलिंग नावाचा तसाच एक मोठा संग्राहक १८९१ साली वारला. त्याने आपली तिकिटे ब्रिटिश म्युझियमला ठेवली आणि ती आजही ब्रिटिश लायब्ररीत अखंड आहेत. तो राहत होता त्या देशाशी त्याच्या नागरिकत्वाचे भांडण नव्हते, एवढाच काय तो फरक.

लिलावात अमेरिकेचे लिख्टेनस्टाइन, कॅस्परी, फ्रान्सचे बुरूस असे बडे संग्राहक उतरले. किरमिजी तिकीट १९२२ साली आर्थर हाइंड या अमेरिकेतील कारखानदाराने साडेतीन लाख फ्रँकच्या आसपास किंमत देऊन नेले. पिवळे तिकीट स्वीडनला गेले आणि १९३७ साली रुमानियाचा राजा कॅरोल दुसरा याच्याकडे आले. लिलावाच्या याद्यांत खोट्या तिकिटांचाही भरणा निघाला. पण 'फेरारीच्या संग्रहातील' हे शब्द तेव्हापासून तिकिटाच्या वंशावळीत मानाचे ठरले आणि ते लावता आले की किंमत चढते.

किरमिजी तिकीट २०१४ साली न्यूयॉर्क येथे सुमारे पंचाण्णव लक्ष डॉलरांना आणि २०२१ साली सुमारे त्र्याऐंशी लक्ष डॉलरांना विकले गेले. त्याच्या पाठीवर निरनिराळ्या मालकांनी आपापल्या खुणा केल्या आहेत. शेवटच्या काळातील एका मालकाचा व्यवसाय जोड्यांचे नमुने करण्याचा, म्हणून त्याने उंच टाचेच्या जोड्याचे चिमुकले चित्र काढून ठेवले. त्याच पाठीवर त्रिदलाच्या आकाराचा एक लहानसा शिक्का आहे. तो फेरारीचा.