शाळेविना दोन वर्षे

रायपूरच्या बुढा तलावाच्या मध्यभागी एक बेट आहे. त्यावर उद्यान आहे आणि स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा. तलावालाही आता विवेकानंद सरोवर म्हणतात. एका संन्याशाचे स्मारक सार्वजनिक बागेत असावे, हे मला अत्यंत उचित वाटते.

कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त १८७७ मध्ये कामानिमित्त रायपुरात राहिले आणि त्यांचे कुटुंबही येथे आले. रेल्वे तेव्हा येथवर पोहोचलेली नव्हती. प्रवासाचा बराच भाग अरण्यातून बैलगाडीने करावा लागला. थोरला मुलगा नरेंद्र चौदा वर्षांचा होता. गावात त्याच्याजोगी शाळा नव्हती. मग वडीलच त्याचे गुरू झाले. घरी येणाऱ्या विद्वानांच्या चर्चेत त्याला स्थान मिळाले. तो बुद्धिबळ शिकला, स्वयंपाकही शिकला. १८७९ मध्ये कलकत्त्यास परतल्यावर तीन वर्षांचा अभ्यास एका वर्षात पुरा करून तो प्रवेश परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

केवळ या दोन वर्षांनी विवेकानंद घडले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र त्यांच्या घडणीत मोकळ्या वेळेला आणि खेळाला स्थान होते, हे निश्चित. कलकत्त्यात नवगोपाल मित्र यांच्या व्यायामशाळेत नरेंद्राने कुस्ती आणि लाठी यांचे धडे घेतले. त्या व्यायामशाळेची व्यवस्थाही मित्र यांनी बहुतांशी या मुलांवरच सोपवली होती. तरुणांवर विश्वास टाकण्याचा तो एक वस्तुपाठच होता.

पुढे रामकृष्ण परमहंसांचे शिष्यत्व, भारतभ्रमण आणि ११ सप्टेंबर १८९३ रोजीची शिकागोची धर्मपरिषद हा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९७ मध्ये मद्रासच्या तरुणांपुढे बोलताना या संन्याशाने गीतेच्या अध्ययनाआधी फुटबॉलच्या मैदानाची वाट दाखवली. त्याच वर्षी १ मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. ४ जुलै १९०२ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. १९८५ पासून त्यांचा जन्मदिवस, १२ जानेवारी, राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळला जातो.

सेवेत असताना अशा अनेक युवा दिनांना मी व्यासपीठावर बसलो. त्याच काळात एका गावातील खेळाचे मैदान व्यापारी संकुलासाठी देण्याच्या नस्तीवर मी अनुकूल अभिप्राय लिहिला होता. नियमांत काहीही चुकले नव्हते. संकुलाचे भाडे किती येईल, याचा तक्ता नस्तीत होता; तेथे रोज सायंकाळी किती मुले खेळतात, याची नोंद कोठेही नव्हती आणि मीही ती मागवली नाही.

आता बुढा तलावाच्या काठी फिरताना ती नस्ती आठवते. शहराच्या आराखड्यात उद्यान आणि क्रीडांगण ही उरलेली जागा मानली जाते. जमिनीचा भाव चढला की पहिला घाला तिच्यावरच पडतो. पुतळे उभारणे सोपे आहे. ज्या मुलाचा अद्याप कोणीही पुतळा उभारणार नाही, त्याच्यासाठी एक मैदान राखणे, हे प्रशासनाचे खरे कर्तव्य. मी त्यात उणा पडलो. आज ज्यांच्या हाती लेखणी आहे, त्यांनी पडू नये.