पेट्रा केली : निर्बंधांसाठी झगडलेली खासदार

ग्रीन पक्षाच्या संस्थापकांपैकी एक म्हणून पेट्रा केली यांचे नाव जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या कानावर कधी ना कधी येतेच. शांततावादी, अण्वस्त्रविरोधी अशी त्यांची ओळख सांगितली जाते. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीवर पश्चिम जर्मनीने आर्थिक निर्बंध घालावेत म्हणून त्यांनी दिलेला लढा मात्र फारसा कोणाला आठवत नाही. त्यात त्यांना यश आले नाही, हेही एक कारण असावे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी बव्हेरियातील ग्युंत्सबुर्ग येथे त्यांचा जन्म झाला. वडील घर सोडून गेले. आजीने त्यांना वाढवले. पुढे आईने अमेरिकी लष्करातील अधिकाऱ्याशी विवाह केला आणि कुटुंब जॉर्जियात, नंतर व्हर्जिनियात राहू लागले. दक्षिणेकडील ती राज्ये तेव्हा वर्णभेदाने विभागलेली होती आणि नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात होती. वॉशिंग्टनमध्ये शिकत असताना १९६८ साली केली यांनी रॉबर्ट केनेडी यांच्या प्रचारात काम केले. त्यानंतर ब्रुसेल्सला युरोपीय समुदायात नोकरी, १९८० मध्ये पक्षाची स्थापना आणि मार्च १९८३ मध्ये २८ ग्रीन सदस्यांसह बॉनच्या संसदेत प्रवेश.

त्या काळी फोक्सवॅगनचा कारखाना युटेनहेग येथे, तर मर्सिडीजचा ईस्ट लंडन येथे चालू होता. प्रिटोरियाला कर्ज देणाऱ्यांत जर्मन बँकाही होत्या. २१ मार्च १९८५ रोजी त्याच युटेनहेगमध्ये अंत्ययात्रेला निघालेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान २० जण मारले गेले. त्याच वर्षी केली, त्यांचे सहचर व माजी लष्करी जनरल गर्ट बास्टियान आणि पक्षाचे काही सहकारी प्रिटोरियाला जाऊन आपल्याच देशाच्या दूतावासात ठिय्या देऊन बसले. राजवटीला आपल्या देशाकडून मिळणाऱ्या आर्थिक आधाराचा तो निषेध होता. खासदाराने परदेशात असे वागावे, हे बॉनमधील अनेकांना रुचणारे नव्हते.

हेल्मुट कोल यांच्या सरकारचे म्हणणे असे की, निर्बंधांचा पहिला फटका कृष्णवर्णीय कामगारांनाच बसेल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. नोकऱ्या खरोखर जाणार होत्या. पण ज्यांच्या नावाने तो केला जात होता, त्यांच्यातील डेस्मंड टुटू यांच्यासारखे नेते स्वतःच निर्बंध मागत होते. संसदेत ग्रीन पक्षाचे ठराव बहुमतापुढे टिकले नाहीत. सप्टेंबर १९८६ मध्ये युरोपीय समुदायाने लोखंड, पोलाद, सोन्याची नाणी आणि नवी गुंतवणूक यांवर बंदी घातली. कोळसा मात्र पश्चिम जर्मनी व पोर्तुगाल यांच्या विरोधामुळे वगळला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार झुगारून निर्बंधांचा कायदा केला. भारताने तर १९४६ मध्येच, स्वतंत्र होण्याआधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के हिस्सा त्या बाजारपेठेत जात असतानाही! श्रीमंत देशांना हे चाळीस वर्षे का जमू नये, असा प्रश्न पडतोच.

केली स्वभावाने सहकाऱ्यांना अवघड वाटत. दोन वर्षांनी जागा सोडण्याचा पक्षाचा नियम त्यांनी मानला नाही आणि त्या पक्षातच एकट्या पडत गेल्या. फेब्रुवारी १९९० मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. त्याच डिसेंबरात पश्चिमेकडील ग्रीन पक्षाला पाच टक्के मते न मिळाल्याने केली यांची खासदारकी गेली.

ऑक्टोबर १९९२ मध्ये बॉनमधील घरी त्यांचा मृतदेह सापडला. झोपेत असताना बास्टियान यांनी त्यांना गोळी घातली व नंतर स्वतःला संपवले, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. त्या ४४ वर्षांच्या होत्या. लहानपणीच कर्करोगाने गेलेल्या ग्रेस या बहिणीशेजारी वुर्त्सबुर्ग येथे त्यांचे दफन झाले. दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांनी पहिल्यांदा मतदान केले, ते त्यानंतर दीड वर्षाने, एप्रिल १९९४ मध्ये.