बॅटिंग यथातथाच, पण या बेसबॉलपटूच्या खिशात पिस्तूल होतं आणि समोर होता हायझेनबर्ग

१८ डिसेंबर १९४४. स्वित्झर्लंडमधलं झ्युरिक.

जर्मनीचा नोबेलविजेता शास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग व्याख्यान देत होता. ऐकायला मोजकीच माणसं होती. त्यातल्या एकाच्या खिशात पिस्तूल होतं आणि जवळ सायनाईडची गोळी. हिटलरचा अणुबॉम्ब तयार होत आलाय असं हायझेनबर्गच्या बोलण्यातून वाटलं, तर त्याला तिथंच संपवायचं, असा आदेश होता.

हा पिस्तूलवाला पाच वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेत बेसबॉल खेळत होता. नाव मो बर्ग.

बर्गचा जन्म १९०२ चा, न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबातला. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. पोरगं प्रिन्स्टनमधून भाषा शिकून १९२३ मध्ये बाहेर पडलं आणि थेट ब्रुकलिनच्या टीममध्ये गेलं. वडिलांना हे अजिबात पटलं नाही. ते त्याची एकही मॅच बघायला गेले नाहीत. मग बर्गने खेळता खेळता कोलंबियातून वकिलीची डिग्रीही घेतली.

आता खेळाडू म्हणून तो कसा होता? तो कॅचर होता, म्हणजे आपल्याकडच्या विकेटकीपरसारखं काम. १५ सीझन, ६६३ मॅच, होम रन फक्त ६. बॅटिंगची सरासरी .२४३, म्हणजे हजार वेळा मारायला उभा राहिला तर २४३ हिट. त्या काळात .३०० च्या वर जाणारे कितीतरी होते. गड्याला ढीगभर भाषा येतात, पण एकाही भाषेत बॅटिंग येत नाही, अशी त्याची चेष्टा व्हायची. आकडे बघितले तर चेष्टा खरीच होती. पण कॅचरचं डोकं आकड्यांत दिसत नाही. बॉलरकडून कुठला बॉल टाकून घ्यायचा हे तो ठरवतो, आणि त्यासाठीच टीम त्याला ठेवून घ्यायच्या.

१९३४ मध्ये बेब रूथ, लू गेरिग अशा दिग्गजांसोबत बर्गला जपानला नेलं. टीम दुसरीकडे मॅच खेळत असताना हा पठ्ठ्या फुलं घेऊन टोकियोच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमध्ये गेला. अमेरिकन राजदूताच्या मुलीला बाळ झालं होतं. तिला भेटायला आलोय असं सांगून तो आत शिरला, तिला न भेटताच गच्चीवर गेला आणि शहराचं शूटिंग करून आला. याच फिल्मवरून १९४२ मध्ये टोकियोवर बॉम्ब टाकले, असं कायम सांगितलं जातं. त्याला ठोस आधार नाही. बर्गच्या बाबतीत हे नेहमीच होतं, मैदानावर कमी मोजला जातो आणि हेरगिरीत जास्त.

१९४३ मध्ये तो ओएसएस या अमेरिकेच्या हेरखात्यात गेला. रोममध्ये इटालियन शास्त्रज्ञांकडून माहिती काढली आणि मग झ्युरिक. व्याख्यान होतं क्वांटम सिद्धांताच्या एका शाखेवर, बॉम्बचा त्यात उल्लेखही नव्हता. भौतिकशास्त्र जुजबी येणाऱ्या माणसाला त्यावरून एका जिवाचा निकाल लावायचा होता. त्याने पिस्तूल काढलं नाही. नंतर एका जेवणात जर्मनी युद्ध हरल्यातच जमा आहे, असं हायझेनबर्ग बोलून गेला. बॉम्ब हाताशी असलेला माणूस असं बोलेल का? बर्गचा अंदाज बरोबर निघाला.

त्याच काळात क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ अमेरिकेच्या बॉम्बची गुपितं रशियाला पोचवत होता.

युद्धानंतर बर्गला मेडल ऑफ फ्रीडम जाहीर झालं. त्याने ते नाकारलं. ते कशासाठी मिळालं हे त्याला कुणाला सांगताच आलं नसतं. पुढची जवळपास वीस वर्षं त्याला धड नोकरी नव्हती. आधी भावाकडे राहिला, मग बहिणीकडे. भोवती वर्तमानपत्रांचे ढीग असायचे आणि त्याने वाचायच्या आधी त्यांना कुणी हात लावायचा नाही. काय काम करतोस असं विचारलं की तो ओठांवर बोट ठेवायचा.

जून १९७१ मध्ये डॅनियल एल्सबर्गने फोडलेली व्हिएतनामची गुप्त कागदपत्रं छापून आली. तुलना होतेच. पण एल्सबर्गच्या कागदांत सरकारने लोकांना दिलेली थाप होती, आणि तिच्यापायी माणसं मरत होती. बर्गच्या गुपितात कुणाची फसवणूक नव्हती. ते फोडून फायदा झाला असता तो फक्त त्याचा. खरं तर हिरोशिमानंतर त्यात लपवण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. तरी तो गप्प राहिला आणि त्याची किंमत स्वतःच मोजली.

२९ मे १९७२ ला तो गेला. जायच्या आधी त्याने नर्सला मेट्स टीमच्या मॅचचं काय झालं, एवढं विचारल्याचं सांगतात. नंतर ते नाकारलेलं मेडल त्याच्या बहिणीने घेतलं आणि कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमला देऊन टाकलं. बर्गची निवड मात्र तिथं कधीच झाली नाही.