बोलक्या मांजराचा जनक : साकी

(द्वितीय वर्ष, कला)

मांजर डोळे मिटून दूध पिते आणि आपल्याला कोणी पाहत नाही असे समजते, असे आपल्याकडे म्हणतात. साकी या इंग्रजी लेखकाने ही म्हण बहुधा ऐकली नसावी. पण त्याने ती नेमकी उलटी करून दाखवली. त्याच्या एका कथेत डोळे मिटून दूध पिणारी माणसे आहेत, आणि पाहणारे मांजर आहे. शिवाय ते मांजर बोलते.

ही कथा मला आमच्या ग्रंथालयातील पुठ्ठा सुटलेल्या एका पुस्तकात सापडली. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातील मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे एका हाताशी शब्दकोश ठेवूनच. तरीही ती सात-आठ पाने वाचताना मी इतकी हसले की ग्रंथपालांनी दोनदा मान वर करून पाहिले. मग या माणसाचे चरित्र शोधून वाचले, आणि हसू हळूहळू ओसरत गेले.

साकीचे खरे नाव हेक्टर ह्यू मन्रो. जन्म १८ डिसेंबर १८७०, ब्रह्मदेशातील अक्याब येथे. या गावाचे आजचे नाव सित्वे. ब्रह्मदेश म्हटले की आपल्याला टिळकांचे मंडाले आठवते. त्याच ब्रह्मदेशात मन्रोचे वडील इंग्रज सरकारच्या पोलीस खात्यात मोठे अधिकारी होते. हेक्टर तीन भावंडांत धाकटा. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८७२ साली, आई बाळंतपणासाठी इंग्लंडला गेली. तेथे खेड्यातील रस्त्यावर एक गाय तिच्या अंगावर धावून आली. त्या धसक्याने गर्भपात झाला आणि त्यातच तिचा अंत झाला. आमच्या घरी दावणीला गाय होती, तिच्या पोटाला टेकून मी अभ्यास केला आहे. गायीने कोणाची आई न्यावी हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. पुढे मन्रोच्या कथांमधून माणसांच्या संसारात अचानक घुसून सगळे उधळून टाकणारी जनावरे पुन्हा पुन्हा येतात, त्याचे मूळ या प्रसंगात असेल असे अनेक अभ्यासकांना वाटते. मलाही ते पटते.

वडिलांनी तिन्ही मुलांना डेव्हनमधील बार्नस्टेपलजवळ आपल्या आईकडे ठेवले आणि ते नोकरीवर परत गेले. आजी नावाला. घर चालवीत ते दोन अविवाहित आत्या, शार्लट आणि ऑगस्टा. दोघींचे एकमेकींशी पटत नसे, आणि राग निघे तो मुलांवर. खिडक्या बंद, खेळायला जाण्यावर बंधने, पदोपदी शिक्षा. हेक्टर प्रकृतीने नाजूक, त्यामुळे त्याच्या वाट्याला बंद खोली जास्त. मोठ्यांच्या घरात लहान मूल आणि मांजर यांचा दर्जा एकच असतो. दोघांनाही सगळे ऐकू येते आणि दोघांनाही कोणी विचारीत नाही. ऑगस्टा आत्याला त्याने पुढे ‘श्रेद्नी वश्तार’ या कथेत उभे केले. त्या कथेत एक आजारी मुलगा आपल्या कडक पालक बाईविरुद्ध एका पाळीव मुंगसासारख्या जनावराला देव मानून प्रार्थना करतो, आणि देव पावतो. बाकीचे सांगत नाही, कारण ती कथा ज्याने त्याने वाचावी अशी आहे.

शिक्षण एक्समथ आणि बेडफर्ड येथे झाले. १८९३ साली वडिलांच्या वशिल्याने तोही ब्रह्मदेशच्या पोलीस खात्यात गेला. तेथे त्याने वाघाचा बछडा पाळला होता. पण हिवतापाने त्याला असे घेरले की दीड वर्षाच्या आतच नोकरी सोडून इंग्लंडला परतावे लागले. एक पोलीस वाया गेला आणि एक लेखक हाती लागला.

१८९६ मध्ये तो लंडनला आला. पहिले पुस्तक विनोदी नव्हते, तो रशियाचा इतिहास होता, १९०० सालचा. त्याच सुमारास ‘वेस्टमिन्स्टर गॅझेट’ या पत्रात त्याने ॲलिसच्या अद्भुत नगरीच्या धर्तीवर राजकारण्यांची थट्टा सुरू केली आणि साकी हे टोपणनाव घेतले. साकी म्हणजे पेला भरून देणारा. माधव जूलियनांनी ज्या उमर खय्यामला मराठीत आणले, त्याच्याच रुबायांच्या इंग्रजी अनुवादातून हे नाव आले असे साधारणपणे मानतात. १९०२ पासून पुढची सहा वर्षे तो ‘मॉर्निंग पोस्ट’चा वार्ताहर म्हणून बाल्कन प्रदेशात, वॉर्सात, पीटर्सबर्गला आणि पॅरिसला होता. १९०५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गच्या रस्त्यावर झारच्या सैन्याने निःशस्त्र मोर्च्यावर गोळ्या चालवल्या, तेव्हा तो त्याच शहरात होता.

आता त्या मांजराकडे येऊ. कथेचे नाव ‘टोबरमोरी’. १९०९ साली ती प्रथम छापली गेली (टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते) आणि १९११ मध्ये ‘द क्रॉनिकल्स ऑफ क्लोव्हिस’ या संग्रहात आली. एका श्रीमंत बाईंच्या बंगल्यावर पाहुणे जमले आहेत, पाऊस आहे, चहा चालू आहे. ॲपिन नावाचा एक कंटाळवाणा पाहुणा जाहीर करतो की यजमानीणबाईंच्या लाडक्या मांजराला मी मनुष्यवाणी शिकवली. कोणी विश्वास ठेवीत नाही. मांजर येते, आणि दूध घेणार का या प्रश्नाला अगदी बेफिकिरीने होकार देते. यजमानीणबाईंच्या हाताला असा कंप सुटतो की दूध बशीबाहेर सांडते. मग एक बाई थोड्या लाडाने मांजराला आपल्या बुद्धीविषयी विचारतात, आणि मांजर सांगून टाकते की या बाईंना बोलावले ते त्या बिनडोक आहेत म्हणूनच. यजमानांची जुनी मोटार विकत घेण्याइतके मूर्ख दुसरे कोणी नव्हते. एक मेजरसाहेब विषय बदलायला जातात, तर त्यांचेही बिंग फुटू लागते. तेवढ्यात धर्मगुरूंच्या घरचा पिवळा बोका दिसतो आणि टोबरमोरी खिडकीतून पसार होतो. मागे उरते ती एकच चर्चा, याला विष कसे घालायचे.

ज्यांनी बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वाचला आहे किंवा अगाथा ख्रिस्तीची भाषांतरे वाचली आहेत, त्यांना हा देखावा ओळखीचा वाटेल. शेवटच्या प्रकरणात सगळे दिवाणखान्यात जमतात आणि कोणी तरी हौशी गुप्तहेर एकेकाचे गुपित उघड करतो. ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० सालची. म्हणजे तिच्या अकरा वर्षे आधी साकीने बंगला, पाहुणे, चहा आणि विष हा सगळा सरंजाम मांडून ठेवला होता, फक्त गुप्तहेर चार पायांचा होता. त्याला भिंग लागत नाही, पाऊलखुणा लागत नाहीत. तो फक्त तेथे हजर असतो. पुढे १९६६ पासून अमेरिकेत लिलियन जॅक्सन ब्राऊन या लेखिकेने सयामी मांजराच्या मदतीने गुन्हे उलगडणाऱ्या पत्रकाराची कादंबरीमाला लिहिली, आणि नंतर आपापसांत बोलणाऱ्या मांजरांच्या रहस्यकथांचे पीकच आले. ही मांजरे गोड आहेत, माणसांच्या बाजूची आहेत. टोबरमोरी कोणाच्याच बाजूचा नाही, आणि मला तोच जास्त खरा वाटतो.

ही कथा मी घरी आईला सांगितली. आई चार घरची धुणीभांडी करते. ती तांदूळ निवडत ऐकत होती. जेथे मी ग्रंथालयात हसले तेथे ती हसली नाही. मांजर खुळे होते, असे ती म्हणाली. ज्या घरात आपण वावरतो तेथले पाहिलेले उंबऱ्याच्या आतच सोडून यायचे असते. मग थोड्या वेळाने तिने विचारले की ते विषाचे ताट कोणाला भरायला लावले. विष घालण्याची कल्पना घरमालकाची होती एवढे मला आठवत होते. ताट कोणी भरले ते सांगता आले नाही. आमच्या वर्गात हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

टोबरमोरी विषाने मरत नाही. तो त्या पिवळ्या बोक्याशी झुंजताना मरतो, माणसांच्या भानगडीशी संबंध न येता. आणि गुरुजी ॲपिन पुढे ड्रेस्डेनच्या प्राणिसंग्रहालयात हत्तीला जर्मन शिकवता शिकवता प्राणास मुकतात.

साकीचे सगळेच मला आवडते असे नाही. ज्यू लोकांची आणि मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांची त्याने केलेली थट्टा वाचताना हसू येत नाही. तो स्वतः ज्या वर्गातला होता त्याला तो ओरबाडतो खरा, पण त्या वर्गाच्या कुंपणाबाहेर मात्र क्वचितच पाहतो.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, भरतीचे वय उलटून गेलेले. तरी तो साधा शिपाई म्हणून सैन्यात शिरला आणि अधिकारपद देऊ केले असताना ते नाकारले. १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये हिवतापाने रुग्णालयात पडलेला असताना मोठा हल्ला होणार असे कळताच तो उठून आपल्या तुकडीत गेला. १४ नोव्हेंबरच्या पहाटे, फ्रान्समधील बोमाँ-आमेलजवळ, तोफगोळ्याने पडलेल्या खड्ड्यात सैनिक क्षणभर टेकले होते. अंधारात कोणी तरी सिगारेट पेटवली. ती विझव म्हणून साकी ओरडला आणि त्याच क्षणी जर्मन नेमबाजाची गोळी त्याला लागली. त्याची कबर सापडत नाही. तीपव्हाल येथील स्मारकावर, कबर नसलेल्या ७२ हजारांहून अधिक सैनिकांत त्याचे नाव कोरलेले आहे.

त्याच्या मागे बहीण एथेल राहिली, त्या आत्यांच्या घरात त्याच्याबरोबर वाढलेली. तिने भावाच्या आठवणी लिहिल्या, आणि त्याची बहुतेक पत्रे व कागद नष्ट करून टाकले. त्यामुळे त्याच्या मनातले पुष्कळसे कायमचे अंधारात गेले. मला याचा राग येतो. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली की बहिणीने बरोबर केले. आमचा वाद अजून चालू आहे.