विश्लेषण : ‘ईव्ही’ तंत्रज्ञ घडवण्याआधी शिक्षक का घडवावे लागतात? विल्यम आयर्टन यांचे आयुष्य काय सांगते?

आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा ट्रेड आला. अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ईव्हीचे विषय सुरू झाले. पण शिकवणार कोण? अनेक निदेशकांचे आणि प्राध्यापकांचे आयुष्य पेट्रोल-डिझेल इंजिनांवर गेले आहे. इंजिनातला बिघड आवाजावरून, धुरावरून कळतो. बॅटरीतला बिघड ना दिसतो, ना ऐकू येतो. तो मोजावाच लागतो. वीज नवी असताना जगासमोर असाच पेच होता. तेव्हा शिक्षक तयार करण्याच्या कामी आयुष्य वेचणाऱ्यांत विल्यम एडवर्ड आयर्टन यांचे नाव महत्त्वाचे आहे.

आयर्टन कोण होते?

जन्म 1847 चा, लंडनचा. शिक्षण युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झाले. पुढे ग्लासगोत विल्यम थॉमसन, म्हणजेच नंतरचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाताखाली त्यांनी विजेची मोजमापे शिकली. 1868 मध्ये ते भारतीय तार खात्यात रुजू झाले. शेकडो मैलांच्या तारेत नेमका कुठे दोष आहे, हे ठाण्यात बसून विद्युत मोजमापाने शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी येथे काम केले. दोष शोधायचा तर आधी मोजता आले पाहिजे, हा धडा त्यांना भारतातल्या नोकरीत पक्का झाला.

जपानमध्ये त्यांनी काय केले?

1873 मध्ये वयाच्या पंचविशीत ते टोकियोच्या नव्या इम्पीरियल कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये भौतिकशास्त्र आणि तारविद्येचे प्राध्यापक झाले. हेन्री डायर तेथे प्राचार्य होते. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता : दोन वर्षे सामान्य शिक्षण, दोन वर्षे तांत्रिक शिक्षण आणि शेवटची दोन वर्षे प्रत्यक्ष काम. आयर्टन यांनी तेथे प्रयोगशाळा उभी केली आणि विद्यार्थ्यांना नुसते बघे न ठेवता उपकरणे हाताळायला लावली. 25 मार्च 1878 रोजी तार कार्यालयाच्या उद्घाटनानिमित्तच्या मेजवानीत त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने बॅटरीवर आर्क दिवा पेटवला. जपान आजही हा दिवस वीज दिन म्हणून पाळतो.

खरा परिणाम कशात दिसला?

आयर्टन त्याच वर्षी मायदेशी परतले, पण काम थांबले नाही. त्यांचे विद्यार्थी शिदा रिन्झाबुरो 1879 मध्ये पदवीधर झाले, केल्विन यांच्याकडे शिकून आले आणि आपल्याच महाविद्यालयात प्राध्यापक झाले. 1888 मध्ये जपानची विद्युत अभियंत्यांची संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. दुसरे विद्यार्थी फुजिओका इचिसुके यांनीही आधी अध्यापन केले. पुढे 1890 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह विजेचे दिवे बनवणारी कंपनी काढली. आजच्या तोशिबाची एक मुळी तिथवर जाते. परदेशी शिक्षक पाच वर्षांत गेला, तरी शिकवणारे हात देशातच तयार झाले होते.

ईव्हीशी त्यांचा संबंध काय?

लंडनमध्ये आयर्टन यांनी टोकियोतले सहकारी जॉन पेरी यांच्यासह 1882 च्या सुमारास विजेवर चालणारी तीनचाकी सायकल बनवली. शिसे-आम्ल बॅटरीचे दहा सेल आणि सुमारे अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, अशी तिची रचना होती. किती सेल जोडायचे, यावर वेग ठरे. गाडीला विजेचे दिवेही होते. याच जोडीने अ‍ॅमीटर आणि वॅटमीटरसारखी मोजमापाची उपकरणे घडवली. कोणत्याही ईव्ही कार्यशाळेत करंट आणि पॉवर मोजल्याशिवाय आजही काम पुढे सरकत नाही.

शिक्षकांसाठी वेगळे काय केले?

फिन्सबरी टेक्निकल कॉलेजमध्ये ते दिवसभर काम करणाऱ्या कारागिरांना संध्याकाळी शिकवत. याच वर्गात आलेल्या हर्था यांच्याशी 1885 मध्ये त्यांचा विवाह झाला. पहिल्या पत्नी, डॉक्टर मॅटिल्डा यांचे 1883 मध्ये निधन झाले होते. हर्था पुढे आर्क दिव्यावरील संशोधनासाठी नावाजल्या आणि 1899 मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. 1884 पासून आयर्टन साउथ केन्सिंग्टनच्या नव्या तंत्रसंस्थेत प्राध्यापक होते. तांत्रिक शिक्षक तयार करणे हा त्या संस्थेच्या घोषित उद्देशांपैकी एक होता. 1887 मध्ये आलेले त्यांचे प्रॅक्टिकल इलेक्ट्रिसिटी हे पुस्तक प्रयोगशाळेतल्या कामावर बेतलेले होते. 1908 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आज यातून काय घ्यायचे?

आजच्या विजेच्या मोटारींत बॅटरीचा दाब साधारण 300 ते 400 व्होल्ट असतो, काहींत त्याहूनही जास्त. तेथे अर्धवट शिकलेल्या हाताची चूक जिवावर बेतू शकते. अभ्यासक्रम छापणे सोपे असते. निदेशकाने स्वतः बॅटरी सुरक्षितपणे निष्क्रिय करणे, सेलचा दाब मोजणे, इन्सुलेशन तपासणे आणि मुद्दाम घातलेला दोष शोधणे, याला वेळ आणि साधने लागतात. प्रशिक्षणात एवढे झाले, तरच तो हे विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ शकेल. आयर्टन यांनी टोकियोत काढलेल्या पाच वर्षांचा हिशेब किती दिवे लागले यावर नव्हे, तर शिदा यांच्यासारखे किती शिक्षक मागे राहिले यावर होतो. ईव्ही अभ्यासक्रमांची मोजपट्टीही तीच असायला हवी.