सूर्यप्रकाशाचे पेटंट

बॅडमिंटन, कुस्ती, टेबल टेनिस असे छपराखालचे खेळ खेळणाऱ्यांचे रक्त तपासून डॉक्टर आता त्यांना ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात. एवढे ऊन असलेल्या आपल्या देशातही हे जीवनसत्त्व पुष्कळांना कमी पडते. या गोळीमागे एका शेतकऱ्याच्या मुलाची हकिकत आहे, आणि ती आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांनीही वाचण्यासारखी आहे.

हॅरी स्टीनबॉक यांचा जन्म १८८६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाला. दूधदुभत्याचा तो मुलूख. मॅडिसनच्या विद्यापीठात विद्यार्थी असतानाच ते एका गाजलेल्या प्रयोगात मदतनीस झाले. कालवडींच्या एका गटाला फक्त मक्याचे, दुसऱ्याला गव्हाचे, तिसऱ्याला ओटचे खाद्य दिले होते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने सगळे खाद्य सारखेच. पण मक्यावरच्या गाई धष्टपुष्ट राहिल्या आणि गव्हावरच्या गाईंची वासरे जगली नाहीत. हिशेबात न येणारे काहीतरी अन्नात असते, हे त्यांनी तिथे पाहिले.

त्या काळी थंड, धुरकट शहरांतील मुलांना मुडदूस होई. हाडे मऊ पडून पाय वाकत. कॉड माशाच्या तेलाने तो बरा होई, उन्हानेही होई. तेल आणि ऊन यांचा संबंध काय? स्टीनबॉक यांनी मुडदूस झालेल्या उंदरांवर अतिनील किरण सोडले, ते बरे झाले. मग उंदरांना बाजूला ठेवून नुसत्या खाद्यावर किरण सोडले, तरीही उंदीर बरे झाले! १९२४ साली हे प्रसिद्ध झाले.

खरी गंमत पुढे आहे. त्यांनी स्वतःच्या खिशातले ३०० डॉलर घालून पेटंटसाठी अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनीने सुमारे १० लाख डॉलर देऊ केले. त्यांनी नाकारले. हक्क विद्यापीठाला देऊ म्हटले, तर विद्यापीठ कचरले. शेवटी १९२५ साली ९ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १०० डॉलर घालून एक प्रतिष्ठान उभे केले. ९०० डॉलरच्या त्या भांडवलावर लाखो डॉलरचे मानधन आले आणि ते संशोधनाकडे वळले. क्वेकर कंपनीलाही १९२७ साली रीतसर परवानाच घ्यावा लागला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. लोण्याचा धंदा सांभाळण्यासाठी मार्गारिनवाल्यांना परवाना नाकारण्यात आला. मार्गारिन म्हणजे गरिबाचे लोणी, आणि मुडदूसही गरिबाच्याच घरी जास्त. न्यायालयानेही यावर बोट ठेवले. ही पेटंटे रद्दबातल ठरली, आणि १९४५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे सुनावणी घेण्यास नकार दिला.

खेळाडूंपुरते सांगायचे तर, ज्याला कमतरता आहे त्याच्या हाडांना गोळीचा उपयोग होतो. ज्याचे प्रमाण पुरेसे आहे तो गोळीने अधिक वेगाने धावेल, असे सिद्ध झालेले नाही. उलट अतिरेक झाला तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

स्टीनबॉक २५ डिसेंबर १९६७ रोजी वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य हेक्टर डेलुका यांच्या प्रयोगशाळेने या जीवनसत्त्वाचे रक्तात फिरणारे रूप ओळखले. खेळाडूच्या रक्ततपासणीत मोजतात ते तेच.