स्टिकमध्ये चुंबक नव्हतं की डिंक, मग ध्यानचंद यांच्या स्टिकला चेंडू चिकटायचा कसा?

वसई-विरारहून चर्चगेट लोकल पकडायची, मरीन लाइन्सला उतरायचं आणि धोबी तलावच्या खेळाच्या दुकानात जाऊन हॉकी स्टिक मागायची. पोराला नुकतीच हॉकीची गोडी लागलेली असते, त्यामुळे पालकांना वाटतं, स्टिक म्हणजे स्टिक, उंचीला बरोबर बसली की झालं. पण समोरून प्रश्न येतो, लो बो देऊ, मिड बो देऊ की रेग्युलर?

मग पोरगं मोबाईलमधला व्हिडिओ दाखवतं. अमुक खेळाडू जास्त बाकाची स्टिक वापरतो, मलाही तीच पाहिजे. त्या स्टिकची किंमत ऐकून वडिलांचा चेहरा पडतो.

अशा वेळी ज्या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी, त्याचं नाव मेजर ध्यानचंद. कारण स्टिकमध्ये जादू आहे हा संशय जगात सगळ्यात जास्त कोणाच्या स्टिकवर घेतला गेला असेल, तर तो त्यांच्याच.

सांगतात की एकदा परदेशात त्यांची स्टिक तोडून आत चुंबक आहे का ते पाहिलं. जपानमध्ये म्हणे लोकांना वाटायचं, स्टिकला डिंक लावलाय. एका बाईंनी तर हातातली चालायची काठी देऊन त्यांना खेळायला लावलं आणि त्यांनी तिनेही गोल केले, असाही किस्सा आहे. हे किस्से ऐकीव आहेत, त्यांना कागदाचा पुरावा नाही. पण चेंडू त्यांच्या स्टिकला चिकटल्यासारखा दिसायचा, हे मात्र त्यांना खेळताना बघणाऱ्या सगळ्यांनीच सांगून ठेवलंय.

मग नेमकं होतं काय?

ध्यानचंद यांचं मूळ नाव ध्यान सिंह. जन्म २९ ऑगस्ट १९०५, अलाहाबादचा. वडील सामेश्वर सिंह ब्रिटिश इंडियन आर्मीत होते. त्यांच्या बदल्यांमुळे पोरांच्या शाळेचे हाल झाले आणि शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावलं. लहानपणी ध्यान सिंहला हॉकीचं वेड वगैरे अजिबात नव्हतं. आवड होती ती कुस्तीची.

१९२२ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी ते साधे शिपाई म्हणून फौजेत भरती झाले आणि तिथं पहिल्यांदा मनापासून स्टिक हातात धरली. रेजिमेंटमधले सुभेदार मेजर बाले तिवारी हे त्यांचे पहिले गुरू. दिवसभर ड्युटी असायची, त्यामुळे सराव रात्री. फ्लडलाइट नव्हते, चांदणं पडलं की मैदानात उतरायचं. त्यावरूनच सोबतच्यांनी त्यांना चंद म्हणायला सुरुवात केली आणि ध्यान सिंहचा ध्यानचंद झाला, असं सांगितलं जातं.

१९२६ मध्ये फौजेचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि फक्त १ हरला. परत आल्यावर शिपाई ध्यानचंद लान्स नाईक झाले.

त्यानंतर आलं १९२८. ऑलिम्पिकला जाणारा भारताचा पहिला हॉकी संघ ॲमस्टरडॅमला निघाला तो मुंबईतून. बोट सुटण्याआधी मुंबईच्या संघाशी एक सामना ठेवला होता आणि त्यात ऑलिम्पिकला निघालेला हा संघ ३-२ असा चक्क हरला! १० मार्चला कैसर-ए-हिंद बोट सुटली तेव्हा बंदरावर निरोप द्यायला आले होते फक्त तीन जण. हॉकी फेडरेशनचे दोन पदाधिकारी आणि एक पत्रकार.

पुढं ॲमस्टरडॅमला काय झालं, तर भारताने ५ सामन्यांत २९ गोल केले. आपल्यावर झालेले गोल, शून्य. त्यातले १४ एकट्या ध्यानचंद यांचे. २६ मे १९२८ च्या फायनलला संघातले अनेक जण आजारी होते, खुद्द ध्यानचंद यांना ताप होता. तरी यजमान नेदरलँड्सला ३-० ने हरवून भारताने पहिलं सुवर्ण जिंकलं. संघ मुंबईला परतला तेव्हा त्याच बंदरावर उभं राहायला जागा नव्हती.

आता इथं जरा थांबून ती स्टिक बघू.

त्या काळची स्टिक पूर्ण लाकडाची. खालचं वळलेलं टोक तुतीच्या लाकडाचं, ते तापवून वाकवायचे. दांडा वेताचा. हे काम करणाऱ्या कारागिरांचं मोठं गाव म्हणजे सियालकोट. फाळणीनंतर त्यातले बरेच जण इकडे आले आणि जालंधर, मेरठ ही नावं पुढं आली.

हॉकी स्टिकला दोन वळणं असतात आणि गोंधळ तिथंच होतो. पहिलं वळण सगळ्यांना दिसतं, ते म्हणजे खालच्या टोकाचं. दुसरं असतं दांड्याच्या लांबीत, धनुष्यासारखा हलका बाक. त्याला म्हणतात बो. ध्यानचंद यांच्या काळातल्या स्टिकचा दांडा जवळपास सरळच असायचा. म्हणजे आज दुकानात ज्या बाकासाठी जादा पैसे मोजतो, तो त्यांच्याकडे नव्हताच.

फरक होता टोकाचा. इंग्लंडमधल्या जुन्या स्टिकचं टोक लांबट असायचं. आपल्याकडे ते आखूड आणि जास्त वळलेलं झालं. हॉकीचा नियम असा की चेंडू फक्त स्टिकच्या सपाट बाजूनेच मारायचा, मागची गोलसर बाजू लागली की फाऊल. त्यामुळे चेंडू डावी-उजवीकडे हलवायचा तर दरवेळी स्टिक उलटी करावी लागते. टोक लांब असेल तर ती उलटायला वेळ जातो. टोक आखूड असेल तर मनगट फिरलं की स्टिक फिरली. डावा हात वर घट्ट, तो स्टिक फिरवणार. उजवा हात खाली सैल, त्यात दांडा नुसता गरगरणार. इंडियन ड्रिबल म्हणून जग जे ओळखतं ते हेच.

पण आखूड टोकाची स्टिक तर तेव्हा आपल्याकडे सगळ्यांच्याच हातात होती, मग ध्यानचंद एकच का झाले?

याचं उत्तर १९३३ च्या बेटन कपमध्ये सापडतं. कोलकात्याची ही स्पर्धा तेव्हा देशातली मानाची. ध्यानचंद आपल्या झाशी हीरोजकडून फायनलला उतरले, समोर होता कलकत्ता कस्टम्सचा तगडा संघ. सामन्यात गोल झाला एकच आणि तो ध्यानचंद यांनी केलेला नव्हता. त्यांनी मोकळी जागा हेरली, चेंडू इस्माईलकडे सोडला आणि इस्माईलने गोल केला. ऑलिम्पिक गाजवलेल्या या माणसाला आपला सर्वात चांगला सामना वाटायचा तो हा!

म्हणजे चेंडू चिकटायचा खरा, पण हवा तेवढाच वेळ. नजर चेंडूवर नाही तर मैदानावर असायची. पुढच्या क्षणी कोण कुठं असेल हे आधीच दिसायचं आणि बचावपटू अंगावर यायच्या आत पास गेलेला असायचा. हे कुठल्याही स्टिकसोबत मिळत नाही.

१९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ ने धुतलं. अमेरिकेविरुद्धच्या २४ पैकी १० गोल धाकटे भाऊ रूप सिंह यांचे आणि ८ ध्यानचंद यांचे.

१९३६ ला बर्लिनला जाताना ते कॅप्टन होते. तिथं पोचल्यावर १७ जुलैच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ ने हरवलं. सगळ्यांची झोप उडाली. तातडीने दारा यांना भारतातून बोलावून घेतलं. फायनलला पुन्हा जर्मनीच समोर आली. पावसामुळे सामना एक दिवस पुढं गेला आणि तारीख पडली १५ ऑगस्ट. मैदान ओलं होतं. मैदानात उतरण्याआधी सहायक मॅनेजर पंकज गुप्ता यांनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि ब्रिटिश इंडियाच्या त्या संघाने त्याला सलामी दिली. त्यात फौजेत नोकरी करणारे ध्यानचंदही होते.

पहिल्या हाफला फक्त १-० ची आघाडी. ओल्या मैदानावर पाय सरकत होते. दुसऱ्या हाफला ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले. सामना संपला तेव्हा स्कोअर होता ८-१. त्या दिवशी त्यांनी स्टिक नाही बदलली, मैदान ओळखून पायातलं बदललं. साधनं कशी निवडायची याचा धडा इथं आहे.

पुढं महायुद्धामुळे दोन ऑलिम्पिक झालीच नाहीत आणि ऐन भरातली वर्षं निघून गेली. १९४८ च्या सुमारास त्यांनी मोठी हॉकी थांबवली. १९५६ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पोरांना शिकवलं. १९७५ ला त्यांचा मुलगा अशोक कुमारने पाकिस्तानविरुद्धच्या फायनलमध्ये विजयी गोल मारला आणि भारताने वर्ल्ड कप जिंकला, तोही त्यांच्या हयातीत.

पण पुढच्याच वर्षी खेळ बदलला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत थेट सातव्या नंबरवर गेला.

गवतावर चेंडू उडतो, थांबतो, म्हणून तो स्टिकजवळ ठेवणाऱ्याचं राज्य होतं. टर्फवर तो सरळ आणि सुसाट जातो, म्हणून जोराला आणि वेगाला भाव आला. नंतर लाकूड जाऊन कार्बन आणि फायबरच्या स्टिक आल्या, ज्यांना हवा तसा बाक देता येतो. बाकाचा बाजार सुरू झाला तो इथून.

बाकाचं गणित साधं आहे. आजच्या नियमानुसार तो जास्तीत जास्त २५ मिलिमीटर चालतो आणि त्याची सर्वात खोल जागा स्टिकच्या तळापासून किमान २० सेंटिमीटर वर असावी लागते. दुकानात तपासायचं असेल तर स्टिकची सपाट बाजू खाली करून ती टेबलावर ठेवा. मध्ये जी फट दिसेल तो बाक. फट जिथं सर्वात मोठी, ती जागा टोकाच्या जवळ असेल तर लो बो, दांड्याच्या मध्याकडे असेल तर रेग्युलर, दोन्हीच्या अधेमधे असेल तर मिड बो.

आता तुमचा खेळ कुठला ते बघा.

नवीन शिकणारा असेल किंवा बचावात खेळणारा, तर रेग्युलर. चेंडू अडवणं, सरळ पुश आणि सरळ हिट यासाठी हीच भरवशाची. मधल्या फळीत पळणारा, थोडं ड्रिबल, थोडं पासिंग असं सगळंच करणारा असेल, तर मिड बो. पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक मारणारा असेल, तर लो बो, कारण चेंडू त्या बाकात बसून लांबपर्यंत ओढला जातो आणि मग गोफणीसारखा सुटतो. पण तंत्र पक्कं नसेल तर याच स्टिकने साधी हिटसुद्धा हवेत उडते आणि धोकादायक खेळ म्हणून पंच शिट्टी वाजवतात.

टोकाचंही तसंच. आखूड टोक पटकन फिरतं, म्हणून ड्रिबल करणाऱ्यांना बरं. लांब टोकाला चेंडू अडवायला जागा जास्त, म्हणून बचावाला बरं. हुक, म्हणजे इंग्रजी जे सारखं टोक, उलट्या स्टिकने चेंडू अडवायला आणि ड्रॅग फ्लिकला कामाचं. आणि पोरगं डावखुरं असेल तर डाव्या हाताची स्टिक शोधत फिरू नका. आइस हॉकीत ती असते, आपल्या मैदानी हॉकीत नियमातच नाही.

३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीच्या एम्समध्ये ध्यानचंद गेले. आज त्यांचा वाढदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन आहे आणि देशातला सर्वोच्च क्रीडा पुरस्कार २०२१ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. या माणसाने तीन ऑलिम्पिक सुवर्णं जवळपास सरळ दांड्याच्या लाकडी स्टिकने जिंकली.

म्हणून पोराला पहिली स्टिक कमी बाकाचीच द्या. वर्ष-दोन वर्षांत ते कुठल्या जागेवर खेळतं आणि चेंडूशी काय करतं ते कळेल, तेव्हा बाक वाढवायला कोणी अडवलेलं नाही. उरलेले पैसे चांगल्या बुटांवर आणि रोजच्या सरावावर खर्च करा.